चौथी पायरी

कारखाना असो, बँक असो की सरकारी कचेरी असो, एक दृश्य आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. खात्यातील एखादा होतकरू माणूस निवडून प्रशिक्षणाला पाठविला जातो. पंधरा दिवस तो बाहेरगावी राहतो, व्याख्याने ऐकतो, वहीभर टिपणे काढतो आणि प्रमाणपत्र घेऊन परत येतो. पहिल्या दिवशी त्याच्या मनात नव्या कल्पनांची गर्दी झालेली असते. पण त्याच्या मागे साचलेले काम त्याची वाटच पाहत असते. साहेब म्हणतात, "आधी हे उरकून टाका, मग तुमच्या नव्या पद्धतीचे बघू." शेजारचा सहकारी हसून म्हणतो, "अहो, तिकडचे तिकडे आणि इकडचे इकडे!" दीड-दोन महिने लोटतात. प्रमाणपत्र भिंतीवर लागते, वही कपाटात जाते आणि काम पुन्हा जुन्या चाकोरीतून चालू लागते. वर्षाअखेर कोणीतरी शेरा मारतो की, याला शिकायला पाठवून काही उपयोग झाला नाही.

हा शेरा त्या माणसावर अन्याय करणारा आहे. शिकलेली गोष्ट हाती उतरली नाही, याचा दोष आपण बहुधा शिकणाऱ्याच्या माथी मारतो. तो दोष खरोखर कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर गेल्या शतकात एकदा फार मोठ्या प्रमाणावर शोधले गेले. ते सापडले, पुढे जिथे सापडले तिथेच विसरले गेले आणि दुसऱ्याच एका देशाने ते जतन करून ठेवले. ती हकीकत आज मी आपणांस सांगणार आहे.

पूर्वीच्या काळी हा प्रश्न नव्हता. सुताराचा किंवा लोहाराचा मुलगा उमेदवारी करी ती उस्तादाच्या हाताखाली, आणि उस्तादाचे दुकान हेच त्याचे विद्यालय असे. शिकण्याची जागा आणि कामाची जागा एकच. आज शिकलेला सांधा उद्या गिऱ्हाइकाच्या दारातच बसवायचा असे. या पद्धतीचे दोषही थोडे नव्हते. ती फार सावकाश चाले, उस्तादाच्या लहरीवर अवलंबून असे, आणि हातचे राखून शिकविण्याची खोड तर आपल्याकडे सर्वश्रुतच आहे. पण शिकलेले कामावर कसे उतरवावे, ही चिंता मात्र तिच्यात कोणाला करावी लागत नसे. ती चिंता जन्मली ती शिकविण्याची खोली आणि कामाचे खाते ही दोन वेगवेगळी झाली तेव्हा.

शाळामास्तरांना ही अडचण कारखानदारांच्या आधी उमगली. आपल्याकडील अध्यापन विद्यालयांत शिकलेल्या जुन्या शिक्षकांना 'हर्बार्टची पंचपदी' आठवत असेल. पाठाचे टाचण काढताना पूर्वतयारी, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन अशा पायऱ्या लिहाव्या लागत. योहान फ्रीडरिश हर्बार्ट हा १७७६ ते १८४१ या काळातील जर्मन तत्त्वज्ञ. त्याच्या विचारांना हे पाच पायऱ्यांचे रूप त्याच्या शिष्यांनी दिले. त्यांतली शेवटची पायरी, 'उपयोजन', हाच आपला आजचा विषय. मुलाला नियम समजला एवढ्याने पाठ संपत नाही. तो नियम नव्या उदाहरणात त्याला वापरता आला पाहिजे. पाठाचा तास संपत आला की शिक्षक नेमकी हीच पायरी घाईघाईने उरकीत, हेही त्याच जुन्या शिक्षकांना आठवत असेल.

पुढे १९०१ मध्ये अमेरिकेतील एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ या दोन मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नाला प्रयोगाची कसोटी लावली. त्यांनी काही माणसांना आयताकृती कागदांचे क्षेत्रफळ नजरेने अजमावण्याचा पुष्कळ सराव दिला. त्या आकृतींत त्यांची नजर चांगली बसली. मग त्यांच्यापुढे वेगळ्या मापाच्या व वेगळ्या आकाराच्या आकृती ठेवल्या. तेव्हा मिळविलेले कौशल्य अपेक्षेपेक्षा फारच थोडे कामी आले. यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, एका जागी मिळविलेले कौशल्य दुसऱ्या जागी जाते ते या दोन जागांत जेवढे साम्य असेल तेवढ्याच बेताने. सामान्य बुद्धी घासूनपुसून लख्ख केली म्हणजे ती कुठेही चालते, ही समजूत या प्रयोगाने डळमळीत केली. व्याख्यानाचा दिवाणखाना आणि यंत्रांचा खडखडाट चाललेले खाते यांत साम्य ते किती असणार?

पण विद्वानांचे निष्कर्ष कारखान्याच्या फाटकातून आत जायला निकड लागते, आणि ती निकड युद्धाने निर्माण केली. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा तिला जहाजे हवी होती आणि ती बांधणारे कारागीर मात्र अगदी थोडे होते. गोद्यांतील कामगारांची संख्या कित्येक पटींनी वाढवावयाची होती. हे काम ज्यांच्याकडे आले, त्यांत चार्ल्स अॅलन या धंदेशिक्षण देणाऱ्या शिक्षकाचा वाटा मोठा होता. गोदीतील कामगाराला शिकवायचे ते त्या कामात मुरलेल्या माणसानेच, पण आधी त्या मुरलेल्या माणसाला शिकवावे कसे हे शिकविले पाहिजे, अशी त्याची भूमिका होती. हर्बार्टच्या परंपरेतील पायऱ्या त्याने कामगाराच्या भाषेत आणून चार केल्या : तयारी, सादर करणे, करून घेणे आणि तपासणे. १९१९ मध्ये त्याने आपली पद्धत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. या चारांपैकी शेवटची पायरी 'तपासणे', म्हणजे परीक्षा, होती हे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. पुढची सारी कथा या एका शब्दाच्या बदलावर उभी आहे.

१९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि अमेरिकेला पुन्हा तीच निकड भासू लागली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तेथील सरकारने 'उद्योगांतर्गत प्रशिक्षण' नावाची एक सेवा सुरू केली. चॅनिंग डूली आणि वॉल्टर डिट्झ हे तिचे धुरीण उद्योगधंद्यांतूनच आलेले होते. डूली तेलाच्या व्यवसायातले, तर डिट्झ दूरध्वनीची सामग्री बनविणाऱ्या कारखान्यातले. त्यांच्यापुढे आलेल्या अगदी पहिल्या अडचणींपैकी एक होती ती दुर्बिणी व नेम धरण्याची यंत्रे यांना लागणाऱ्या भिंगांची. भिंगे घासणारे निष्णात कारागीर हवे होते शेकड्यांनी, आणि असा एक कारागीर तयार व्हायला पाच वर्षे लागतात अशी धंद्यातील सर्वमान्य समजूत होती. युद्ध पाच वर्षे थांबणार नव्हते.

या सेवेच्या लोकांनी भिंगांच्या कारखान्यात जाऊन ते काम बारकाईने पाहिले. ज्याला लोक एकच काम समजत होते, ते प्रत्यक्षात अनेक लहानमोठ्या कामांचे गाठोडे निघाले. त्यांतली अगदी थोडी कामे अशी होती की ज्यांना खरोखर वर्षानुवर्षांचा हात लागतो. बाकीची कामे नव्या माणसाला थोड्या अवधीत शिकविता येण्याजोगी होती, मात्र शिकविणाऱ्याने ती नीट सोडवून, एकेक करून दाखविली पाहिजेत. या पाहणीतून पाच वर्षांची मुदत काही महिन्यांवर आली. त्याहून महत्त्वाचा लाभ असा की, मुरलेल्या कामगाराने नव्या माणसाला कामावर कसे रुळवावे याचे एक टिपण त्यातून तयार झाले. ते टिपण हे पुढच्या साऱ्या प्रशिक्षणाचे बीज होय. पुढे याच विचाराचे तीन अभ्यासक्रम झाले. १९४१ मध्ये आला तो काम शिकविण्याचा, १९४२ मध्ये कामाची रीत सुधारण्याचा आणि १९४३ मध्ये हाताखालच्या माणसांशी वागण्याचा. हे तिन्ही अभ्यासक्रम साहेबांसाठी नव्हते, तसेच थेट कामगारांसाठीही नव्हते. ते होते मुकादम, जॉबर, फोरमन अशा मधल्या माणसांसाठी. कामगाराला रोज भेटणारा माणूस हाच असतो.

यांपैकी पहिला अभ्यासक्रम कसा चाले, ते थोडे विस्ताराने सांगतो. एका वर्गात दहाच माणसे. दोन-दोन तासांच्या पाच बैठका. लांबलचक व्याख्याने नाहीत. पहिल्याच बैठकीत शिक्षक विजेच्या दिव्याची दुपदरी वायर हाती घेई. छताला टांगलेल्या दिव्याचा भार होल्डरमधील स्क्रूंवर पडू नये, म्हणून वायरीच्या दोन पदरांना आतून एक विशिष्ट गाठ मारतात. शिक्षक एकाला पुढे बोलावी आणि ती गाठ कशी मारायची हे त्याला नुसते तोंडाने सांगे. उजवा पदर असा घ्या, डावा त्याच्या मागून न्या, असे सारे बिनचूक सांगितले तरी त्या माणसाच्या हातात गुंता होई. मग शिक्षक दुसऱ्याला बोलावी आणि एक शब्दही न बोलता गाठ मारून दाखवी. समोर उभ्या असलेल्या माणसाला सगळे उलटे दिसे, आणि त्यालाही गाठ साधत नसे. वर्गात हशा पिके. पण तो हशा ओसरता ओसरता प्रत्येक फोरमनच्या मनात एक अस्वस्थ करणारा विचार येई : आपण आपल्या खात्यात आजवर असेच शिकवीत आलो आहोत की काय? नुसते सांगून, नाहीतर नुसते दाखवून, आणि वर त्या पोराला मठ्ठ म्हणून!

यानंतर तीच गाठ पद्धतशीर शिकविली जाई. आधी शिकणाऱ्याची भीड मोडायची, त्याला काय काय येते हे विचारून घ्यायचे आणि कामाचे महत्त्व सांगायचे. ही पहिली पायरी. मग काम सांगत सांगत दाखवायचे, एका वेळी एकच टप्पा, आणि प्रत्येक टप्प्यातील खुबी वेगळी काढून सांगायची, ही दुसरी. 'खुबी' म्हणजे काय, याचीही व्याख्या ठरलेली होती. जिच्यावर काम साधणे वा बिघडणे अवलंबून असते, जी चुकली तर इजा होते किंवा जी कळली की काम सोपे होते, ती खुबी. तिसऱ्या पायरीला शिकणाऱ्याने स्वतः काम करायचे. आधी नुसते, मग टप्पे सांगत, मग खुब्या सांगत, आणि त्याला समजले आहे याची शिकविणाऱ्याची खात्री पटेपर्यंत पुनःपुन्हा. या रीतीने शिकविलेल्या माणसाला ती गाठ हमखास साधे.

परंतु त्या वर्गाचे खरे मर्म गाठीत नव्हते. दुसऱ्या बैठकीपासून वर्गातील प्रत्येक फोरमनला आपल्याच खात्यातले एक खरेखुरे काम घेऊन यावे लागे. तो ते काम कागदावर टप्प्याटप्प्याने मांडी, आणि वर्गातील दुसऱ्या कोणाला तरी सर्वांसमक्ष शिकवून दाखवी. कोणी मापे घेण्याचे साधन आणी, कोणी सांधा जोडण्याचे काम आणी. थॉर्नडाइकने जे साम्य सांगितले होते ते येथे आपोआपच साधले जाई, कारण वर्गात हाताळलेले काम हेच उद्या खात्यात हाताळायचे असे. वर्ग संपल्यावर शिकलेले खात्यात कसे न्यावे, हा प्रश्न उद्भवू नये म्हणून खातेच वर्गात आणले गेले. प्रत्येकाच्या खिशात मावेल असे एक लहानसे कार्ड दिले जाई, आणि त्यावर या चार पायऱ्या छापलेल्या असत. कामगार शिकला नसेल तर शिकविणाऱ्याने शिकविलेच नाही असे समजावे, असा त्या कार्डाचा आशय होता. दोषाची जागा बदलून टाकणारे हे शब्द होते. फोरमनच्या तोंडी आजवर असलेला 'त्याला येत नाही' हा शेरा त्यांनी फोरमनच्याच दारी आणून ठेवला.

आता त्या चौथ्या पायरीकडे येतो. अॅलनने तिला तपासणी म्हटले होते. १९४० नंतरच्या या मंडळींनी तेथे परीक्षेच्या जागी पाठराखण आणली. त्यांचे म्हणणे असे. शिकलेल्या माणसाला त्याच्या कामावर मोकळे सोडा. पण सोडताना, अडले तर कोणाकडे जायचे, हे त्याला नाव घेऊन सांगून ठेवा. सुरुवातीला त्याच्याकडे वरचेवर फेरी मारा. त्याला प्रश्न विचारायला उत्तेजन द्या. आणि तो जसजसा रुळत जाईल, तसतशा फेऱ्या कमी करीत न्या.

श्रोतेहो, आपल्याकडे नव्या नवरीबरोबर तिच्या सासरी पाठराखीण जाई. माहेरी सर्व काही शिकलेली मुलगी परक्या घरात पहिल्या दिवशी बावरते. पाण्याचा हंडा कुठे आणि देवघर कुठे हेही तिला विचारावेसे वाटत नाही. अशा वेळी विश्वासाचे एक माणूस जवळ असले म्हणजे तिचे शिकलेपण तिच्या मदतीला येते. पाठराखीण काही तेथे जन्मभर राहत नाही. मुलीचा जीव रमला की ती परत फिरते. अमेरिकेतील त्या चौथ्या पायरीचे वर्णन मला यापेक्षा नेमक्या शब्दांत करता येणार नाही. प्रशिक्षण घेऊन आपल्या खात्यात परत येणारा माणूस हा त्याच खात्यात नवखा झालेला असतो. माणसे तीच, यंत्रे तीच, पण तो वेगळ्या रीतीने काम करू पाहतो आणि चारजणांच्या नजरा त्याच्यावर रोखलेल्या असतात. त्याच क्षणी त्याला एकटे सोडणे म्हणजे शिकविलेले पुसून टाकणे होय.

ही सेवा वणव्यासारखी पसरली. १९४५ पर्यंत साडेसोळा हजारांच्या आसपास कारखान्यांतून सोळा लाखांहून अधिक माणसांनी तिची प्रमाणपत्रे घेतली. सप्टेंबर १९४५ च्या अखेरच्या पाहणीत, उत्पादन किमान २५ टक्क्यांनी वाढले असे ८६ टक्के कारखान्यांनी कळविले. आणि शिकविण्याची मुदत तेवढ्याच प्रमाणात घटली असे तर पाहणीतील सर्वच कारखान्यांनी कळविले. हे आकडे कारखान्यांनी स्वतःच दिलेले होते व काळ युद्धाच्या ईर्ष्येचा होता, तेव्हा ते थोडे हातचे राखूनच घ्यावेत. तथापि त्यांत मोठे तथ्य होते हे नाकारता येणार नाही.

यशाच्या या भरातही डूली आणि डिट्झ यांच्या लक्षात एक गोष्ट आली होती, आणि मला ती त्या आकड्यांहून मोलाची वाटते. एकाच शिक्षकाने, एकाच पुस्तिकेवरून, अक्षरशः सारखेच शिकविलेले वर्ग दोन कारखान्यांत होत. सहा महिन्यांनी पाहावे तर एका कारखान्यात ती पद्धत रक्तात भिनलेली असे आणि दुसऱ्यात तिचा मागमूसही नसे. शिक्षण तेच, माणसे त्याच तोडीची. मग फरक कशाचा? म्हणून या सेवेने वर्ग चालविण्याच्या पलीकडे जाऊन, वर्गाचे फळ टिकवावे कसे याचीही सूत्रे कारखान्यांना घालून दिली. पहिले सूत्र असे की, हे फळ टिकविण्याची जबाबदारी कारखान्यातील एका ठरावीक माणसावर सोपवा. सर्वांची जबाबदारी ती कोणाचीच नव्हे. दुसरे, खात्यातील एकट्यादुकट्याला शिकवून थांबू नका, पुरेशा माणसांना शिकवा. तिसरे, शिकून आलेल्या फोरमनच्या जागी जाऊन त्याला हाताशी धरणारा कोणीतरी नेमा. आणि चौथे, झालेल्या लाभाची नोंद वरपर्यंत पोहोचवा व ज्याने तो करून दाखविला त्याला त्याचे श्रेय द्या. या चार सूत्रांत एकही सूत्र शिकणाऱ्याला उद्देशून नाही. चारही त्याच्या वरिष्ठांना उद्देशून आहेत.

१९४५ मध्ये युद्ध संपले आणि त्याच वर्षी ही सरकारी सेवाही बंद झाली. सैनिक घरी परतले, अनुभवी कामगार पुन्हा मिळू लागले, जगाची बाजारपेठ अमेरिकेला मोकळी होती. निकड संपली तशी शिस्तही सैलावली. खिशातली कार्डे खिशातच जीर्ण झाली. ज्या देशाने ही पद्धत घडविली, तेथील बहुतेक कारखान्यांनी तिची चौथी पायरी आधी सोडली व मग हळूहळू उरलेल्या तीनही.

जपानची स्थिती याच्या उलट होती. कारखाने बेचिराख झालेले, भांडवल नाही, आणि हाती असलेल्या माणसांवाचून दुसरी पुंजी नाही. अमेरिकन अंमलाच्या काळात १९५१ मध्ये लॉवेल मेलन नावाचे जुने शिक्षक काही सहकाऱ्यांसह जपानात गेले. त्यांनी तेथील निवडक माणसांना शिक्षक म्हणून तयार केले, आणि त्या शिक्षकांनी पुढे लाखोंना. जपानी लोकांनी ही पद्धत युद्धकाळचा तोडगा म्हणून स्वीकारली नाही. त्यांनी ती कारखान्याचा नित्याचा आचार म्हणून स्वीकारली. मोटारी बनविणाऱ्या टोयोटा कंपनीने त्याच सुमारास ती उचलली. तेथील कामाची ठरावीक रीत, त्या रीतीत कामगाराने स्वतः सुचविलेल्या सुधारणा आणि प्रत्येक तुकडीच्या प्रमुखाने आपल्या माणसाजवळ उभे राहून शिकविणे, या जगभर नावाजलेल्या परंपरेच्या मुळाशी त्या जुन्या चार पायऱ्या आहेत.

या कथेचा सर्वांत बोलका प्रसंग मात्र पुढे अमेरिकेतच घडला. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. गैरहजेरी, तंटे आणि सदोष मोटारी यांसाठी तो कुप्रसिद्ध होता, आणि १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये तो टोयोटा व जनरल मोटर्स यांच्या भागीदारीत पुन्हा उघडला, आणि नव्याने घेतलेले बहुतेक कामगार तेच जुने होते. त्यांच्यातल्या शेकडो तुकडीप्रमुखांना जपानमधील टोयोटाच्या कारखान्यात पाठविण्यात आले. तेथे त्यांनी जपानी सोबत्याच्या खांद्याला खांदा लावून प्रत्यक्ष मोटारी बांधल्या. ते परत आले तेव्हा एकटे आले नाहीत. जपानी मार्गदर्शक फ्रीमाँटला येऊन कित्येक महिने त्यांच्या शेजारी उभे राहिले. मोटारींचा पट्टाही ज्या रीतीने शिकविले त्याच रीतीने चालेल असा मांडलेला होता. दोन-तीन वर्षांतच हा कारखाना जनरल मोटर्सच्या उत्तम कारखान्यांत गणला जाऊ लागला. ज्यांना कालपर्यंत बेशिस्त म्हटले जात होते, त्याच माणसांनी हे करून दाखविले.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहा. जनरल मोटर्सने आपले निवडक व्यवस्थापक शिकण्यासाठी याच फ्रीमाँटला पाठविले. ते हुशार होते, शिकलेही मनापासून. पण शिक्षण संपल्यावर ते कंपनीच्या निरनिराळ्या कारखान्यांत एकेकटे विखुरले गेले. तेथे वरिष्ठांना त्यांचे म्हणणे कळत नव्हते, सहकाऱ्यांना पटत नव्हते आणि कारखान्याची घडी जुनीच होती. फ्रीमाँटमध्ये जे रोज घडत होते, ते या कंपनीला आपल्या इतर कारखान्यांत उतरवायला पुढे कित्येक वर्षे लागली. फ्रीमाँटचा तो भागीदारीतला कारखाना २०१० मध्ये बंद झाला, पण त्याने दिलेली साक्ष पुसली जाणार नाही. शिक्षणाचा उगम एकच होता. एका गटाला पाठराखण मिळाली, दुसऱ्याला मिळाली नाही, आणि दोघांच्या फळांत एवढे अंतर पडले.

विद्वानांनीही पुढे हेच मांडले. १९८८ मध्ये टिमोथी बॉल्डविन आणि केविन फोर्ड या अमेरिकन संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. शिकलेले कामावर उतरणे तीन गोष्टींवर अवलंबून असते, अशी त्यांची मांडणी आहे : शिकणारा माणूस, शिकविण्याची घडण आणि ज्या ठिकाणी तो परत जातो तेथील वातावरण. यांपैकी पहिल्या गोष्टीबद्दल आपण फार बोलतो, दुसरीवर पैसा खर्च करतो आणि तिसरी विसरतो.

ही पद्धत आपल्या देशालाही अपरिचित नाही. १९५० नंतरच्या दशकात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या साहाय्याने ती भारतात आली आणि मुंबईत तिचे केंद्रही निघाले. १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली, १९६१ मध्ये उमेदवारीचा कायदा झाला. तेव्हापासून प्रशिक्षणाच्या संस्था, वर्ग आणि प्रमाणपत्रे यांत आपण कमी पडलो असे म्हणता येणार नाही. प्रश्न आहे तो प्रमाणपत्र घेऊन परतणाऱ्या माणसाच्या पहिल्या सोमवारचा.

त्या सोमवारसाठी फार खर्च लागत नाही. माणसाला शिकायला पाठविण्यापूर्वी त्याच्या साहेबांनी त्याला जवळ बसवून सांगावे की, परत आल्यावर आपल्या खात्यातले अमुक एक काम तू या रीतीने करून दाखवायचे आहे. शक्य असेल तिथे एकाऐवजी दोघांना पाठवावे, म्हणजे परतल्यावर एकाला दुसऱ्याची सोबत राहते. परतल्यावरचे पहिले आठ-पंधरा दिवस त्याच्या अंगावर साचलेले सगळे काम एकदम टाकू नये. अडले तर कोणाकडे जायचे, ते नाव त्याला आधीच माहीत असावे. आणि साहेबांनी महिनाभर तरी आठवड्यातून एकदा त्याच्या टेबलापाशी वा यंत्रापाशी जाऊन विचारावे, "काय, जमते आहे ना? कुठे अडते?" आपुलकीने विचारलेला हा प्रश्न पंधरा दिवसांच्या व्याख्यानांना जे साधत नाही ते साधून जातो.

शिकणाऱ्याकडेही काही कर्तव्य उरतेच. शिकलेल्या सगळ्याच गोष्टी एकदम अंमलात आणण्याचा हव्यास त्याने धरू नये. आपल्या रोजच्या कामातले एक लहान काम निवडावे, वर्गात असतानाच ते मनाशी मांडून पाहावे, आणि परतल्यावर दुसऱ्या कशाच्याही आधी तेच हाती घ्यावे. एक गाठ नीट बसली की पुढच्या गाठींना धीर येतो.

श्रोतेहो, कोणाही माणसाला शिकवून झाले म्हणजे आपले काम संपले, असे मानणे सोयीचे असते. दिव्याच्या वायरीशी झगडणाऱ्या त्या फोरमनांनी १९४१ मध्ये जे ओळखले, ते एवढेच की शिकविणे हे वर्गाच्या दारापाशी संपत नाही. ते शिकणाऱ्याबरोबर त्याच्या कामाच्या जागेपर्यंत चालत जाते, तेथे काही दिवस मुक्काम करते, आणि त्याचा हात बसला की निमूटपणे निरोप घेते. आपल्या कचेरीतील कोणी उद्या प्रशिक्षणाहून परत येणार असेल, तर त्याचे प्रमाणपत्र पाहण्याआधी त्याला एवढे विचारा की, तुमच्या पाठीशी उभे राहायला इथे कोण आहे? आणि त्याला उत्तर देता आले नाही, तर ती जागा आपण स्वतः घ्या.